कळा आणि पान्हा

बारावीच्या जीवशास्त्रात प्रसूती आणि स्तन्यपान हा भाग मोजक्या पानांचा असतो. विद्यार्थी तो पाठ करतात तो असा : प्रोजेस्टेरॉन गर्भ टिकविते, ऑक्सिटोसिन कळा आणते, प्रोलॅक्टिन दूध तयार करते. तीन नावे, तीन कामे, तीन गुण. परीक्षेपुरते हे खोटे नाही. पण गिरणीतल्या यंत्रांची नावे पाठ झाली म्हणजे गिरणी चालते कशी हे समजले असे होत नाही. कोणते यंत्र कोणी सुरू करावयाचे, कोणी थांबवावयाचे आणि एकाचे काम दुसऱ्याच्या कामावर कसे अवलंबून आहे, हे कळले तर विषय कळला.

आसेगावसारख्या गावात तर हा विषय समजण्यास अडचण पडू नये. मंगरुळपीर तालुक्यातले, सोयाबीन, तूर आणि कापूस पिकविणारे हे गाव. येथे बाळंतपण न पाहिलेले घर नाही, आणि दावणीला कधीच गाय किंवा म्हैस नव्हती असे घरही विरळाच. म्हणजे ज्या गोष्टीसाठी शहरातला विद्यार्थी पुस्तकातली आकृती पाहतो, ती आपल्या अंगणात रोज घडत असते. पुस्तक आणि अंगण यांची गाठ घालून द्यावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी डॉक्टर नाही, प्राध्यापकही नाही. मजुरांच्या संघटनेत काम करणारा माणूस आहे. जे शिकलो ते ग्रंथालयात बसून आणि जाणत्यांना विचारून. या विषयाकडे मी वळलो तो एका प्रश्नामुळे. पाळणाघर आणि दूध पाजण्याची सुट्टी या मागण्या घेऊन मालकापुढे बसले, म्हणजे हमखास विचारले जाते, ‘मधे सुट्टी कशाला? सकाळी पाजून यावे, संध्याकाळी जाऊन पाजावे.’ कायद्याचे कलम दाखविता येते, पण कलम असे का आहे ते कलमात लिहिलेले नसते. ते शरीरात लिहिलेले आहे. या सगळ्या कारभारात मूल हे नुसते घेणारे नाही, ते हुकूम देणारे आहे. जन्माच्या वेळी हुकूम तेच देते, आणि जन्मानंतर दुधाचा हुकूमही तेच देते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढचे सारे आपोआप उलगडते.

निरोप आणि निरोप्या

शरीरात निरोप पोहोचविण्याच्या दोन रीती आहेत. एक मज्जातंतूंची. ती तारेसारखी आहे. ज्या ठिकाणी तार जाते त्याच ठिकाणी निरोप जातो, आणि क्षणात जातो. दुसरी रक्ताची. काही ग्रंथी आपला रस नळीवाटे बाहेर न सोडता सरळ रक्तात सोडतात, आणि तो रस दूरच्या अवयवाला कामाला लावतो. १९०५ साली इंग्लंडातील शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी अशा रसांना ‘हॉर्मोन’ हे नाव वापरले. मराठीत आपण त्यांना संप्रेरके म्हणतो.

येथे चांगला विद्यार्थी शंका काढील की, रक्त तर सर्वांगात फिरते. मग संप्रेरकाचा परिणाम ठरावीक अवयवावरच का? सभेचे पत्रक गावभर वाटले, तरी ते ज्याला वाचता येते त्यालाच सभा कळते. त्याचप्रमाणे संप्रेरक सगळ्या पेशींजवळून जाते, पण ज्या पेशींवर त्याला ओळखणारे ग्राही असतात त्याच पेशी हलतात. ग्राही वाढले की तेवढ्याच संप्रेरकाचा परिणाम वाढतो. ही गोष्ट पुढे कामी येणार आहे.

आपल्या विषयातले दोन मुख्य निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून निघतात. तिला पीयूषिका म्हणतात. संस्कृतात पीयूष म्हणजे अमृत, आणि पीयूष म्हणजे व्यालेल्या गाईचे पहिल्या काही दिवसांचे दूधही. या ग्रंथीचे दोन भाग आहेत. पुढच्या भागातून, म्हणजे अग्रखंडातून, प्रोलॅक्टिन निघते. मागच्या भागातून, म्हणजे पश्चखंडातून, ऑक्सिटोसिन निघते. पण ऑक्सिटोसिन तेथे तयार होत नाही. ते वरच्या अधश्चेतकात तयार होते, मज्जातंतूंच्या धाग्यांवरून खाली उतरते आणि पश्चखंडात साठून राहते. पश्चखंड हे कोठार आहे, कारखाना वर आहे. परीक्षेत येथे पुष्कळांचा गुण जातो.

नऊ महिन्यांची शांतता

गर्भाशय ही स्नायूंची पिशवी आहे, आणि स्नायूचा स्वभाव आकुंचन पावण्याचा. म्हणून खरे नवल कळा येतात याचे नसून नऊ महिने त्या येत नाहीत याचे आहे. ही शांतता राखण्याचे काम प्रोजेस्टेरॉन करते. गर्भ राहिल्यावर आरंभी ते बीजकोशातल्या पीतपिंडातून येते. साधारण अडीच-तीन महिन्यांनी ते काम वार उचलते. पुस्तकात जिला अपरा म्हणतात तीच ही वार. ती बाळाला अन्न आणि प्राणवायू पोहोचविते, बाळाचा मळ आईच्या रक्तात देते, आणि त्याखेरीज स्वतः एक मोठी ग्रंथी म्हणूनही काम करते.

याच काळात इस्ट्रोजेन गर्भाशयाची वाढ करते. स्तनांतल्या दुधाच्या नळ्या इस्ट्रोजेनमुळे वाढतात, दूध बनविणाऱ्या पेशींचे घोस प्रोजेस्टेरॉनच्या साहाय्याने वाढतात, आणि प्रोलॅक्टिनची पातळी महिन्यागणिक चढत जाते. मग गर्भारपणातच दूध का येत नाही? कारण जे प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाला शांत ठेवते, तेच दुधालाही अडवून धरते. गिरणी सज्ज आहे, कामगार हजर आहेत, पण भोंगा व्हावयाचा आहे. हा भोंगा कोणता, ते वार पडल्यावर कळेल.

कळा : वाढत जाणारा हुकूम

बाळंतपणाची वेळ कोण ठरविते? १९६०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये लिगिन्स या संशोधकाने मेंढ्यांवर प्रयोग करून दाखविले की, तेथे हा निर्णय पोटातल्या कोकराचा असतो. कोकराच्या अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसोल निघते, त्यामुळे मेंढीचे प्रोजेस्टेरॉन घटते आणि ती विते. माणसात नेमके तसेच होत नाही. आपल्याकडे प्रसूतीपूर्वी आईच्या रक्तातले प्रोजेस्टेरॉन मेंढीसारखे एकदम खाली येत नाही. त्याचा अंमल गर्भाशयावर चालेनासा होतो. परंतु पहिला इशारा पूर्ण वाढलेले बाळ आणि वार यांच्याकडून येतो, हे तत्त्व पाठ्यपुस्तकातही मान्य आहे.

शेवटच्या आठवड्यांत इस्ट्रोजेनचा जोर होतो. त्यामुळे गर्भाशयाच्या स्नायूंवर ऑक्सिटोसिनचे ग्राही पुष्कळ वाढतात, म्हणजे पत्रक वाचता येणाऱ्यांची संख्या वाढते. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये गर्भाशयाचे मुख मऊ करतात. गर्भारपणात रिलॅक्सिन हे आणखी एक संप्रेरक निघते. ते कटीचे सांधे सैल करण्यास साहाय्य करते, असे पुस्तकात दिलेले असते. अशा सज्ज झालेल्या गर्भाशयात सौम्य कळा सुरू होतात. बाळाचे डोके खाली सरकून गर्भाशयाचे मुख ताणते. त्या ताणाची खबर मज्जातंतूंवरून मेंदूला जाते. पश्चखंडातून ऑक्सिटोसिन रक्तात सुटते. कळ वाढते. डोके आणखी ताण देते. आणखी ऑक्सिटोसिन सुटते. फर्ग्युसन या संशोधकाने १९४१ साली सशांवर प्रयोग करून हे दाखविले, म्हणून या क्रियेला फर्ग्युसनची प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

शरीरातले बहुतेक कारभार याच्या उलट चालतात. पाण्याच्या टाकीत तरंगता चेंडू असतो. पाणी वर चढले की चेंडू नळ बंद करतो. वाढीने वाढ थांबते. याला ऋण प्रत्याभरण म्हणतात, आणि शरीरातली बहुतेक संप्रेरके अशीच आवरली जातात. कळांचे तसे नाही. मोर्चा फाटकाशी पोहोचतो तेव्हा एकाची घोषणा ऐकून दहा जण ओरडतात, दहांची ऐकून शंभर. आवाजानेच आवाज चढतो, आणि फाटक उघडले की घोषणा आपोआप थांबतात. याला धन प्रत्याभरण म्हणतात. त्याला शेवट लागतो, आणि बाळाचा जन्म हा तो शेवट. मूल बाहेर आले की ताण संपला आणि हुकूमही संपला.

वार पडल्यावर

मूल झाले की घरातली माणसे सुटकेचा श्वास टाकतात. पण जाणती सुईण तेव्हाही बाळंतिणीजवळून हलत नसे, कारण वार पडावयाची असते. दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. वार सुटते तेव्हा त्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. ती बंद कोण करणार? गर्भाशयाचे स्नायूच. त्यांचे धागे रक्तवाहिन्यांच्या भोवताली आडवेतिडवे विणलेले असतात. गर्भाशय आवळले की प्रत्येक धागा गाठीसारखा आवळतो आणि रक्त थांबते. गर्भाशय सैल राहिले, तर थोड्या वेळात जीव जाऊ शकतो.

हे आवळणेही ऑक्सिटोसिनचेच काम. म्हणून मूल जन्मताच आईच्या छातीशी लावण्यात दुहेरी लाभ आहे. मूल ओढते, ऑक्सिटोसिन सुटते, गर्भाशय आवळते. पाजताना पोटात कळ येते अशी तक्रार बाळंतिणी पहिले काही दिवस करतात. ती कळ गर्भाशय आपल्या जागी परत जात असल्याची खूण आहे. पण रक्तस्राव टाळण्यासाठी केवळ पाजण्यावर विसंबून चालत नाही. आज प्रत्येक बाळंतिणीला, मूल झाल्याबरोबर, ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन द्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे औषध पूर्वी कत्तलखान्यातल्या जनावरांच्या पीयूषिकेपासून काढीत. १९५३ साली अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ते प्रयोगशाळेत बनविले, आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अवघ्या नऊ अमिनो आम्लांची ती साखळी आहे.

साखळी लहान, पण नाजूक. तिला दोन ते आठ अंश तपमानाची थंडी लागते. वैशाखात जेथे पारा चाळिशीच्या वर असतो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेथे या औषधाचा गुण टिकविणे ही मोठीच अडचण. यावर एक तोड आपल्या शेजारच्या, पुष्कळशा मराठी बोलणाऱ्या बेळगाव जिल्ह्यात तपासली गेली. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी २००२ ते २००५ या काळात खेड्यांतल्या १,६२० बाळंतिणींचा अभ्यास केला. त्यांची प्रसूती घरी किंवा उपकेंद्रात परिचारिकेच्या हाती झाली होती. अर्ध्या स्त्रियांना मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या आणि अर्ध्यांना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. मिझोप्रोस्टॉल हे प्रोस्टाग्लँडिनच्याच जातीचे, थंडीवाचून टिकणारे औषध. साध्या गोळ्या घेतलेल्यांत शंभरांमागे १२ जणींना जास्त रक्तस्राव झाला. औषध घेतलेल्यांत ते प्रमाण ६.४ वर आले. हा अभ्यास २००६ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. प्रोस्टाग्लँडिन हा शब्द पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने हे आठवावे की, त्या शब्दाने खेड्यातल्या बायांचे रक्त वाचविले आहे.

येथे एक धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. मूल झाल्यानंतर जे इंजेक्शन जीव वाचविते, तेच मूल होण्यापूर्वी, ‘लवकर मोकळी व्हावी’ म्हणून कोणीतरी घरी येऊन टोचले, तर जीव घेऊ शकते. धन प्रत्याभरणात शरीर स्वतः वेग सांभाळते. दोन कळांच्या मधे विसावा असतो आणि त्या विसाव्यात बाळाला रक्त मिळते. बाहेरून बेहिशेबी औषध दिले की विसावा जातो, बाळ गुदमरते, प्रसंगी गर्भाशय फाटते. रुग्णालयात हे औषध कळांसाठी देतात ते थेंबाथेंबाने, आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून. फरक औषधात नाही, देखरेखीत आहे.

दूध बनणे निराळे, पान्हा निराळा

वार पडली की प्रोजेस्टेरॉनचे मोठे कोठारच गेले. दुधाला अडवून धरणारा हात निघाला, आणि चढलेले प्रोलॅक्टिन आता मोकळेपणी काम करू लागते. हाच तो भोंगा. तरीही दूध भरून येण्यास दोन ते तीन दिवस, कधी थोडे अधिक लागतात. तोपर्यंत स्तनांतून येतो तो चीक : घट्ट, पिवळसर, चमचा-दोन चमचे. रोगापासून संरक्षण करणारी प्रथिने त्यात भरलेली असतात, आणि नवजात बाळाच्या एवढ्याशा पोटाला तेवढा पुरतो. म्हशीच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. मग माणसाचा चीक पिळून टाकण्याची चाल का पडावी?

आता सर्वांत महत्त्वाचा भेद. दूध बनणे ही एक क्रिया, आणि बनलेले दूध बाहेर येणे ही दुसरी. पहिली प्रोलॅक्टिनची, दुसरी ऑक्सिटोसिनची. दुधाच्या घोसांभोवती स्नायूंसारख्या पेशींची जाळी असते. ऑक्सिटोसिन आले की ती जाळी आवळते आणि दूध नळ्यांत उतरते. मराठी माणसाला हा भेद पुस्तकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे, कारण त्याच्या भाषेत दुधाहून निराळा असा ‘पान्हा’ हा शब्द आहे. कासेत दूध असते, पण पान्हा सुटत नाही. म्हैस पान्हा चोरते. वासरू लावले की गाय पान्हवते. मग वासरू ओढून बाजूला बांधतात आणि धार काढतात. धार काढणाऱ्याच्या बादलीचा आवाज ऐकूनही सवयीची गाय पान्हवते, आणि बाळाचे रडणे कानी पडताच आईच्या चोळीला ओल येते. ऑक्सिटोसिन हा शब्द नवा असेल. ती घटना आपल्या बोलीत जुनी आहे.

पान्हा रक्तावाटे येतो हे अमेरिकेत एली आणि पीटरसन या दोघांनी १९४१ साली गाईंवर दाखविले. त्यांनी कासेच्या एका बाजूचे मज्जातंतू तोडले. तरी दोन्ही बाजूंना पान्हा आला. म्हणजे निरोप तारेने आलेला नसून रक्ताने आलेला होता. मग त्यांनी धार काढण्यापूर्वी गाईला दचकविले, पान्हा अडला. भीतीत सुटणारे ॲड्रेनलिन पान्ह्याच्या आड येते. पुढे १९४८ साली न्यूटन दांपत्याने हेच माणसात तपासले. पाजणाऱ्या आईला मुद्दाम त्रास दिला तेव्हा बाळाला मिळालेले दूध घटले, आणि तसा त्रास चालू असतानाच पश्चखंडाच्या अर्काचे इंजेक्शन दिले तेव्हा ते बरेचसे पूर्ववत झाले. दूध स्तनांत होतेच. अडला होता तो पान्हा.

याच भेदावरून म्हशींना ऑक्सिटोसिन टोचण्याच्या गैरचालीचाही उलगडा होतो. त्या इंजेक्शनाने दूध बनत नाही. आहे ते उतरते. या गैरवापराला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली खासगी कारखान्यांना हे औषध देशात विक्रीसाठी बनविण्याची बंदी केली होती. पण बाळंतिणींसाठी ते अत्यावश्यक असल्याने दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात ती बंदी रद्द ठरविली. एकच रेणू गोठ्यात आणि प्रसूतिगृहात; म्हणून कायद्यालाही येथे जपून पाऊल टाकावे लागते.

मागेल तेवढे

आता दूध किती बनावयाचे हे कोण ठरविते, ते पाहू. मूल स्तनाग्र ओढते त्याची खबर मेंदूला जाते. तेथे प्रोलॅक्टिनवर एरवी डोपामीनचा दाब असतो; तो सैल होतो आणि प्रोलॅक्टिन वर चढते. चालू असलेले पाजणे ऑक्सिटोसिनच्या पान्ह्यावर होते, आणि या प्रोलॅक्टिनने पुढच्या पाजण्याची तयारी होते. रात्री प्रोलॅक्टिन अधिक असते, म्हणून रात्रीचे पाजणे विशेष मोलाचे. शिवाय स्तनाचा स्वतःचाही एक हिशेब आहे. तो भरून तटतटला आणि रिकामा झाला नाही, तर तेथल्या पेशी दूध बनविणे कमी करतात. रिकामा होईल तसा भरेल. साचून राहील तसा आटेल. घागरीत साठवून ठेवावे आणि लागेल तेव्हा ओतावे असे हे दूध नाही. ही विहीर उपसली तरच पाझरते.

हे समजले म्हणजे ‘दूध आटले’ या एका शब्दामागे काय काय घडलेले असते ते दिसू लागते. पहिल्या दोन दिवसांत चीकच येणार हे ठाऊक नसले की घरातली वडील माणसे म्हणतात, ‘दूध उतरले नाही, पोर उपाशी आहे.’ मग गूळपाणी, मध, बकरीचे दूध, नाहीतर डबा. मुलाचे पोट भरले की ते ओढीत नाही. ओढले नाही की हुकूम जात नाही. हुकूम गेला नाही की दूध वाढत नाही. आणि आठवड्याने घरचे म्हणतात, ‘बघा, आम्ही म्हटलेच होते.’ त्यावर बाई रडते, घाबरते. भीतीने पान्हाही चोरला जातो. यात नजर नाही, सटवाई नाही, बाईच्या रक्ताचा कमकुवतपणाही बहुधा नाही. साखळीची एक कडी तुटली, म्हणून पुढच्या कड्या तुटल्या.

क्वचित खरोखरीची कारणेही असतात. वारेचा तुकडा आत राहिला, फार रक्तस्राव झाला, थायरॉइडचा किंवा दुसरा आजार असला, तर दूध कमी येऊ शकते. मूल वजनाने उतरत असेल किंवा लघवी कमी करीत असेल, तर डॉक्टरकडे जावे, आणि त्यांनी सांगितले तर वरचे दूध देण्यात लाज मानू नये. पण डब्याच्या दुधाची गरज जाहिरातीने ठरू नये. १९९२ साली देशात कायदा झाला आणि बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करण्यास बंदी आली, ती याचसाठी.

अलिवाच्या लाडवांविषयी कोणी विचारील. खावेत, बाळंतिणीला पोषण हवेच, आणि घरच्यांनी मायेने करून दिलेला लाडू मनाला धीर देतो. पण लाडू आईने खायचे आणि मूल पाळण्यातच ठेवायचे, याने काम होणार नाही. हुकूम लाडू देत नाही, मूल देते.

कामाची वेळ आणि दुधाची वेळ

आता आरंभीच्या मालकाला उत्तर देता येईल. सकाळी पाजून आलेली बाई आठ-नऊ तास मुलापासून दूर राहिली, तर ते तास नुसते रिकामे जात नाहीत. स्तन भरतात, ठणकतात, गाठी होतात, आणि शरीर असे समजते की मागणी घटली. तेव्हा पुरवठाही घटतो. पंधरा दिवसांत तिचे दूध खरोखरच कमी होते. तिने अमुक तास काम केले याचा हिशेब हजेरीपटावर असतो. या तुटीचा हिशेब कोठेच नसतो. तो मुलाच्या अंगावर आणि डब्याच्या खर्चात निघतो.

म्हणूनच १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या पहिल्याच वर्षी जो मातृत्वविषयक करार केला, त्यात पाजणाऱ्या कामकरी स्त्रीला कामाच्या वेळात दिवसातून दोनदा अर्धा तास दिला. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषण केले. मातेला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे त्यांनी मांडले. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. स्वतंत्र भारतात १९६१ च्या कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज पाजण्यासाठी दोन सुट्ट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठीची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली, आणि पन्नास वा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा आवश्यक केली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी घेतल्या आहेत. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने, आणि पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, हे आरोग्यशास्त्राचे सांगणे आहे. कायद्याचा आकडा आणि शरीराचा आकडा येथे जुळला आहे.

पण निंदणीला, सोंगणीला, वेचणीला रोजाने जाणाऱ्या बाईला हा कायदा कोठे भेटतो? तिला मालक रोज निराळा, हजेरीपट नाही, फाटक नाही. बाभळीला लुगड्याची झोळी बांधून तिने मूल वावरात नेले, तर शरीराचा हुकूम निदान चालू राहतो. पण उन्हात, धुळीत, आणि मुकादमाच्या नजरेखाली पाजावे लागते. भीतीने पान्हा अडतो हे आपण पाहिले. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असली, तर त्यांना सांभाळण्यासाठी एक बाई नेमावी, अशी तरतूद घालण्यात आली होती. ही कल्पना शेतावरच्या कामाला लावणे गावाच्या हाती आहे. दहा बायांच्या टोळीत एकीने मुले सांभाळावी, तिचा रोज सर्वांबरोबर धरावा, आणि पाजण्याच्या वेळा ठरवून द्याव्यात. याला सरकारी हुकूम लागत नाही. टोळीचा आणि शेतकऱ्याचा ठराव पुरतो.

उत्तर लिहिताना

विद्यार्थिमित्रांनो, ‘प्रसूती व दुग्धस्रवण यांचे संप्रेरकीय नियंत्रण’ असा प्रश्न आला तर नावांची यादी लिहू नका, क्रम लिहा. गर्भारपणात प्रोजेस्टेरॉनची शांतता. शेवटी इस्ट्रोजेनचा जोर आणि ग्राहींची वाढ. बाळ व वार यांचा इशारा. मुखावरचा ताण, ऑक्सिटोसिन, कळ, पुन्हा ताण. जन्माने साखळीचा शेवट. वार पडणे आणि गर्भाशय आवळणे. प्रोजेस्टेरॉन उतरल्याने दुधाला वाट. ओढण्याने प्रोलॅक्टिन व ऑक्सिटोसिन, एकाने दूध बनणे, दुसऱ्याने पान्हा. ऑक्सिटोसिन अधश्चेतकात बनते व पश्चखंडात साठते, प्रोलॅक्टिन अग्रखंडात बनते, हे शेवटी तपासून पाहा. कळा हे धन प्रत्याभरणाचे उदाहरण म्हणून द्या.

हे उत्तर लिहून तुम्हाला गुण मिळतील, आणि ते मिळावेत. पण येत्या पावसाळ्यात तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी बाळंत होईल. तेव्हा बाळाला पहिल्या तासात आईजवळ द्या, चीक टाकू नका, आणि दोन दिवस दूध कमी दिसले तर वरचे देऊ नका, पुन्हापुन्हा पाजा, असे सांगणारे माणूस घरात तुम्हीच असाल. आजी प्रथम रागावेल. तिला ऑक्सिटोसिन म्हणू नका. ‘आजी, पान्हा पोराने ओढल्यावाचून येत नाही,’ एवढेच म्हणा. जन्मभर म्हशी दुहिलेल्या बाईला ते लगेच पटेल.